आज आवतण घ्या

पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, खांदशेकणी असते. बैल दिवसभर मोकळे, नाल्यावर नेऊन धुतलेले. दिवेलागणीला त्यांना उभं करायचं, जुवानं घट्टे पडलेल्या खांद्यांना पळसाच्या पानानं हळद-तूप लावून शेकायचं आणि मग कानाशी म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या." आजा म्हणायचा, बाबा म्हणायचे, आता मी म्हणतो. वर्धा जिल्ह्यातला आमचा आर्वीकडचा पट्टा गवळाऊ जनावरांचा; पांढरी, चालायला चपळ जनावरं. ट्रॅक्टर आले तशा गावातल्या जोड्या कमी झाल्या. आमच्याकडे एक अजून आहे, आणि आवतणाशिवाय तिचा पोळा कधी झालेला नाही.

मला लिहायचं आहे ते मात्र बाबूबद्दल.

बाबू दहा वर्षांचा आहे. चौथ्या वर्षी नागपूरला डॉक्टरांनी स्वमग्नता सांगितली, म्हणजे ऑटिझम. तो थोडं बोलतो. 'पाणी', 'भाकर', 'नाई'. बाकी त्याचं बोलणं म्हणजे कुठंतरी ऐकलेली वाक्यं, ज्याची त्याच्याच चालीत. एसटीच्या कंडक्टरचं वाक्य कंडक्टरच्या आवाजात, भंगारवाल्याची हाक भंगारवाल्याच्या. ते ऐकून लोक हसतात, त्याच्या गालाला हात लावतात. मग कधीतरी तो स्वतःचाच हात चावतो, डोकं भिंतीवर आपटतो, समोरच्याचे केस धरतो, आणि अंगणातली माणसं दोन पावलं मागं सरकतात. त्या दोन पावलांची मला अजून सवय झालेली नाही.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी त्याला मारलं.

कापूस घरात आला की आम्ही तो मधल्या खोलीत भरतो. छातीएवढा ढीग लागतो. भाव जरा चढेल म्हणून महिना-दोन महिने वाट पाहायची, आमच्याकडे सगळेच पाहतात. त्या हंगामात बाबू रोज शाळेतून आला की दप्तर टाकून कापसात शिरायचा. मान बाहेर, बाकी सगळा आत. आम्ही दारात बसून लक्ष ठेवायचो. अर्ध्या तासानं निघायचा तो निवलेला असायचा. हातांची ती सततची फडफड थांबलेली, डोळे शांत. साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, म्हणून त्याची आई रोज नंतर त्याला आंघोळ घालायची आणि वैतागायची. अंगाला चहूकडून मिळणारा तो दाब त्याला हवा असतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आवाज, स्पर्श, उजेड, वास काहींना फार टोचतो आणि काहींना पुरतच नाही, ही गोष्ट अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनंसुद्धा स्वमग्नतेच्या निकषांमध्ये घातली ती २०१३ साली. आमच्या घरात ती कळायला आणखी काही वर्षं लागली.

त्या दिवशी व्यापाऱ्याची गाडी आली. काटा टांगला, हमाल लागले, दुपारी चारपर्यंत खोली मोकळी झाली. बाबू शाळेतून आला. दप्तर टाकलं, खोलीत गेला. फरशीवर काडीकचरा आणि चार सरक्या. तो बाहेर आला, पुन्हा आत गेला. असं तीनदा केलं. मग त्यानं भिंतीवर कपाळ आपटायला सुरुवात केली. आवरायला गेलेल्या हमालाच्या मनगटाला तो असा चावला की रक्त आलं. कुणीतरी म्हणालं, "दोन कानाखाली ठेवा ना भाऊ, कसा सरका होते पाय." समोर पैसे मोजणं चाललं होतं, लोक पाहत होते. मी त्याच्या कानाखाली मारली.

तो रडला नाही. रात्री उशिरापर्यंत त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिला. जेवला नाही. मीही जेवलो नाही, पण माझ्या उपाशी राहण्यानं त्याला काय मिळणार होतं?

कापूस विकायचा हे घरात आठ दिवस आधीपासून ठरलेलं होतं. काटेवाल्याला ठाऊक, हमालांना ठाऊक, शेजारच्या मोठ्या आईला ठाऊक. ज्याची ती खोली होती, त्याला तेवढं ठाऊक नव्हतं.

पुढच्या महिन्यात बाबूला पाहणाऱ्या नागपूरच्या मॅडमकडे गेलो तेव्हा सगळं सांगून टाकलं. मारलं तेही सांगितलं. त्यांनी मला बोल लावला नाही. विचारलं, "कापूस वेचणाऱ्या बायांचं वजन लिहिता ना रोज? तशीच याची वही करा. आधी काय झालं, त्यानं काय केलं, त्यानंतर तुम्ही काय केलंत. तीन रकाने. वेळही टाका." मी वेचणीचीच वही उलटी केली आणि मागच्या पानापासून लिहायला लागलो. पुढून किलो, मागून बाबू.

वहीनं पहिल्यांदा दाखवली ती दाढ. जूनमध्ये तो स्वतःच्या उजव्या गालावर मुठी मारायला लागला. ताट भिरकावायचा. एका डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, ह्या मुलांमध्ये असं चालायचंच. घरी येऊन वही काढली. पंधरा दिवसांतल्या जवळजवळ सगळ्या नोंदी जेवणाच्या होत्या, त्यातही माठाचं गार पाणी प्यायल्यावरच्या. दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. मागची दाढ आतून पार किडलेली. ती काढली, आणि आठवड्याभरात मुठी थांबल्या. ज्याला 'दुखते' म्हणता येत नाही, त्याच्याजवळ मुठीशिवाय काय असतं? तेव्हापासून बाबूचं वागणं एकाएकी बदललं की आम्ही आधी त्याचं शरीर पाहतो. दात, कान, पोट साफ झालं का, झोप झाली का. हे लिहिताना माझा आवाज चढतो, कारण 'ऑटिझममुळे असेल' म्हणून दुखण्याकडे पाठ फिरवण्याइतकी सोपी गोष्ट दुसरी नाही, आणि तिचा भार लेकरूच उचलतं.

शेतकरी माणसाला खरं तर हे आपसूक कळायला हवं होतं. कपाशीवर लाल्या येतो. पानं लाल दिसतात सगळ्याच वावरांत सारखी. पण एका वावरात मॅग्नेशियम कमी असतं, दुसऱ्यात नत्र, तिसऱ्यात मुळाशी पाणी साचलेलं असतं, चौथ्यात तुडतुड्यांनी रस शोषलेला असतो, आणि कधी रात्रीची थंडी एकदम उतरल्यानंही पान लाल होतं. लाल पान पाहून दुकानदार देईल ते मारलं तर पैसा जातो आणि पान लालच राहतं. हे मी दुसऱ्यांना समजावून सांगणारा माणूस. घरात मात्र बाबू चावला की 'चावला' एवढंच पाहत होतो.

एकच चावणं, पण कधी ते नको असलेल्या गोष्टीतून सुटण्यासाठी असतं, कधी हवं ते मिळवण्यासाठी, कधी कुणी आपल्याकडे पाहावं म्हणून, आणि कधी अंगाला काहीतरी सोसवेनासं झालं म्हणून. शाळेत तो पाटी फेकायचा. पाटी फेकली की गुरुजी त्याला बाहेर लिंबाखाली बसवायचे. त्यांच्या लेखी ती शिक्षा होती. त्याला वर्गातल्या गलक्यातून सुटका मिळत होती. वही घेऊन मी गुरुजींना भेटलो. माणूस भला, त्यांनी ऐकून घेतलं. लिंबाच्या झाडाचं चित्र काढलेला एक पुठ्ठा बाबूच्या बाकावर ठेवला. पुठ्ठा हातात दिला की दहा मिनिटं बाहेर, मग परत. सुरुवातीला तो दिवसात आठ-आठ वेळा पुठ्ठा द्यायचा आणि गुरुजी प्रत्येक वेळी सोडायचे, कारण मागितलं की मिळतं हे त्याला आधी पटायला हवं होतं. पाटी फेकणं मागे पडलं. आता दिवसात दोनदा जातो.

मोबाइलचं उलटं झालं होतं, आणि ते आम्हीच केलं होतं. किंचाळला की मोबाइल हातात द्यायचा, म्हणजे पाहुण्यांसमोर शांतता. किंचाळल्यावर मोबाइल मिळतो हा धडा त्यानं चोख गिरवला. आम्ही देणं थांबवलं तेव्हा पहिले आठ-दहा दिवस किंचाळणं दुप्पट झालं. मॅडमनी हे आधीच बजावलं होतं, म्हणून टिकलो. त्या दिवसांत एकदा जरी हार मानून मोबाइल दिला असता, तर आणखी जोरात ओरडायला हवं एवढंच तो शिकला असता. सोबत त्याला मागायची दुसरी रीत दिली, मोबाइलचं चित्र आणून द्यायची. ती दिल्याशिवाय नुसतं बंद करणं क्रूर ठरलं असतं.

पण प्रत्येक भडका असा मागण्याचा नसतो. हट्टात तो मधूनमधून आपल्याकडे पाहतो, हवं ते मिळालं की थांबतो. दुसऱ्या प्रकारात हवं ते दिलं तरी थांबत नाही, कारण त्या क्षणी त्याला काही नकोच असतं. सगळंच जास्त झालेलं असतं. तेव्हा शिकवण्याची वेळ नसते. आम्ही माणसं बाहेर काढतो, टीव्ही, दिवा बंद करतो, मधल्या खोलीत गादी असते तिथं नेतो, जड गोधडी जवळ ठेवतो. अंगावर घ्यायची की नाही ते तोच ठरवतो. बोलायचं अगदी कमी. 'काऊन असं करतं बापा' हा माझ्या मायचा प्रश्न प्रेमाचा असतो, पण त्या घडीला तोही त्याच्या कानावर आदळतो. मायनं तो ओठात दाबायला शिकणं मला फार मोठं वाटतं. सत्तरी ओलांडलेली बाई, नातू तडफडताना पाहून गप्प बसते. डॉक्टरांनी काही महिने रिस्पेरिडोनही दिलं होतं. ते चिडचिडीवर, स्वतःला इजा करण्यावर देतात, स्वमग्नतेवर नव्हे. भूक आणि वजन वाढतं, म्हणून डॉक्टर दर वेळी वजन करायचे. उपयोग झाला, आणि पुढे त्यांच्याच देखरेखीखाली बंद झालं.

आता पुन्हा आवतणाकडे येतो.

त्या वर्षीच्या पोळ्याला बाबू खांदशेकणीच्या वेळी कोठ्याच्या दारात उभा होता. मी दोन्ही बैलांना आवतण दिलं. दुसऱ्या दिवसापासून ते वाक्य त्याच्या तोंडी बसलं, माझ्याच आवाजात. सांज झाली की "आज आवतण घ्या, आज आवतण घ्या." बैल नाहीत, पोळा नाही, हा आपला म्हणतोय. कंडक्टरसारखंच हेही एक, म्हणून आम्ही सोडून दिलं.

मग रब्बी लागली. शेतीची लाइन आमच्याकडे पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत मी बाराच्या सुमाराला बॅटरी आणि काठी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला निघतो, पहाटे परततो. डिसेंबरात एका संध्याकाळी त्याच्या आईनं वही शेवटून पुढं चाळली आणि म्हणाली, "खराब दिवस सुटे नाई येत. घोसानं येतात." खरंच. तीन-चार दिवस लागोपाठ शाळेत मारामारी, ताट फेकणं, मग काही दिवस काहीच नाही. मी माझ्या पाण्याच्या पाळ्यांची नोंद शेजारी ठेवली. तारखा जुळत होत्या. अकरा वाजता वर्गात उडणाऱ्या भडक्याचं कारण रात्री दोन वाजताचं होतं. बाबू रात्री जागा होत होता, बाजूला हात फिरवून पाहत होता, आणि मी नव्हतो. तो हाक मारत नाही. अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहत असावा. आधीच्या रकान्यात आम्ही भडक्याच्या पाच मिनिटं आधीचं लिहीत होतो. नऊ तास आधीचं लिहायचं आम्हाला सुचलं नव्हतं.

आणि मग तिनंच सांगितलं, "ते आवतण घ्या, आवतण घ्या म्हणते ना, तवा तो खुंटीवरच्या बॅटरीकडे पायते. तो आवतण देत नाई. मागते."

मी उठून कोठ्यात गेलो. बैलांपाशी बराच वेळ उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी एक जुनी, बिघडलेली बॅटरी काढली. रात्रीची पाळी असेल त्या सांजेला ती बाबूच्या उशाशी ठेवायची आणि म्हणायचं, "आज आवतण घ्या. बाबा रात्री वावरात, सकाळी घरी." पाळी नसेल तर बॅटरी खुंटीवर. पहिल्या तीन रात्री काही फरक नाही. चौथ्या रात्री तो जागा झाला, उशाशी हात नेला, बॅटरी चाचपली आणि कुशीवर वळला. हे त्याच्या आईनं पाहिलं, मी वावरात होतो. तिनं फोन करून सांगितलं तेव्हा मी पाटाच्या पाण्यात उभा होतो. फोन ठेवल्यावर पाणी कुठल्या वाफ्यात चाललंय हे काही वेळ मला कळत नव्हतं.

हंगाम सरताना कापूस विकायचा होता. आठ दिवस आधी भिंतीवर आठ चौकोन आखले, शेवटच्या चौकोनात गाडी काढली. रोज संध्याकाळी त्याच्या हातानं एक चौकोन खोडला. थोडा कापूस काढून जाड खोळीत भरून त्याच्यासाठी मोठं गादीसारखं गाठोडं शिवलं. गाडी आली त्या दिवशी शेवटची कव बाबूनं स्वतः बोजात टाकली. बाबू ज्याला चावला होता तोच हमाल त्या वर्षीही होता. त्यानं बाजूला सरून बाबूला वाट करून दिली. बाबू त्या रात्री रडला, बराच वेळ. पण भिंत सोडून तो गाठोड्याला बिलगून रडला, आणि रडण्याचा त्याला हक्क होता.

गावात अजून बोलतात. बाहेरचं लागलं, आईनं लाडावलं, मोबाइलनं बिघडलं. सगळ्यात जास्त ऐकावं लागतं ते त्याच्या आईला, आणि त्याचा मला संताप येतो. लिओ कॅनरनं १९४३ साली अशा ११ मुलांबद्दल लिहिलं, त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं अमेरिकेतले मोठमोठे डॉक्टरसुद्धा आईच्या थंड मायेला दोष देत होते. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञानं ते खोडून काढलं. तो स्वतः अशाच मुलाचा बाप होता. शिकलेल्या लोकांना एवढा वेळ लागला, तर आमच्या पारावरच्या माणसांवर मी किती रागवावं? मी त्यांना सांगत राहतो. ज्यांना सांगितलं त्यातले काही बदलले. किराणावाला आता बाबू आला की रेडिओ बारीक करतो. डीजेवाली पोरं मिरवणूक निघायच्या आधी फोन करतात, मग आम्ही बाबूला घेऊन वावरात जातो. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याला, तो गर्दी व्हायच्या आत, चारलाच, लाकडी बैल घेऊन तीन घरी जातो, बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, घेतो आणि परत येतो. अंगात धुऊन मऊ झालेला सुती सदरा, मागचं लेबल कापलेलं. नव्या कापडाची कॉलर त्याला काट्यासारखी लागते.

ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात स्वमग्नता आहे. १९९५ च्या कायद्यातल्या सात प्रकारांत ती नव्हती. प्रमाणपत्र ४० टक्क्यांचं वा त्याहून वरचं असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, कुणी 'आमच्याकडे जमणार नाही' म्हटलं तरी. राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना वर्षाला एक लाखापर्यंत आहे आणि थेरपीचा खर्चही तीत बसतो. अंगणवाडीत तपासायला येणाऱ्या पथकापासून काही लपवू नका. बोलत नाही, हाकेला पाहत नाही, एवढं सांगा. ते जिल्ह्याच्या उपचार केंद्राकडे पाठवतात. आम्ही एक वर्ष 'मुलगे उशिरा बोलतात' म्हणत घरी बसलो होतो. आणि विहिरी झाका. अशी बरीच मुलं न सांगता निघून जातात, पाण्याकडे ओढली जातात. आमच्या वावरातल्या विहिरीला कठडा नव्हता. मी कठडा बांधला, वरून लोखंडी जाळी बसवली, बाबूच्या कड्यावर माझा नंबर कोरून घेतला.

या जानेवारीतली गोष्ट. दिवसाची पाळी चालू होती, रात्री वावरात जायचं काही कारण नव्हतं. साडेनऊला झोपायला आलो तर जुनी बॅटरी माझ्या उशाशी ठेवलेली. बाबू पायात चपला घालून दाराशी उभा.

"आज आवतण घ्या," तो माझ्या आवाजात म्हणाला.

त्याच्या आईनं त्याला स्वेटर घातला, कानटोपी बांधली. मी चालू बॅटरी घेतली. गाडीवाटेनं गेलो, तो माझं मनगट धरून. मोटर बंद होती, हरभरा दवानं ओला झालेला. दिवसा त्यानं हे वावर शंभरदा पाहिलंय, रात्रीचं कधी पाहिलं नव्हतं. तो धुऱ्यावर बसला. पाइपावर हात ठेवला, मग कान लावला. मी जिथं उभा राहून पाणी वळवतो तिथं जाऊन उभा राहिला. बॅटरी माझ्याकडून घेऊन त्यानं चहूकडे फिरवली, विहिरीच्या जाळीवर, तुरीच्या काडांवर, माझ्या तोंडावर.

मग म्हणाला, "सकाळी घरी," आणि माझ्या पुढं चालायला लागला.